आबांनी न ऐकलेला प्रवेश

मला नाटकं आवडतात. बघायला नाही, वाचायला. हे मी कुणाला सांगत नाही, कारण समोरच्याचं उत्तर ठरलेलं असतं: नाटक ही बघायची गोष्ट आहे. असेल. पण औंढ्याहून नाटक बघायचं म्हणजे आधी लोणावळा, तिथून पुणे, मग परतीची गाडी चुकणार, आणि तोवर आमच्या म्हशींनी आपापलं दूध काढून डेअरीत घालायचं. त्यापेक्षा पुस्तक बरं. पडदा माझा, दिवे माझे, आणि पुढच्या खुर्चीत कुणाचं डोकं नसतं.

माझी शाळा चौथीला सुटली. पाचवीचा वर्ग काही समुद्रापलीकडे नव्हता, माझ्या माहेरी टाकव्यातच होता. पण माझ्या कडेवर धाकटी बहीण होती आणि ती वर्गात रडायची. ती पुढे बारावी झाली. मी त्याचं काही मनात ठेवलेलं नाही. फक्त ती भेटली की मला पाचवीचा वर्ग आठवतो, एवढंच.

चौथीच्या वाचनाला नाटक बरं पडतं. कादंबरीत माणसाला दारातून आत यायला दोन पानं लागतात. आधी दार, मग दाराचा रंग, मग त्या रंगावरून त्याला आठवलेलं लहानपण. नाटकात लिहिलेलं असतं, ‘भाऊ येतो.’ आला. आता बोल. शिवाय कोण बोलतंय ते डाव्या बाजूला छापलेलं असतं. आमच्या घरात ही सोय असती तर निम्मी भांडणं झालीच नसती.

पुस्तकं मला लोणावळ्याच्या रद्दीवाल्या चाचांकडून मिळाली. मी दुधाचा रतीब घालून परत येताना त्यांच्या दुकानावरून यायची. मुंबईवाल्यांचा एखादा बंगला विकला गेला की त्यातल्या आजोबांची कपाटं चाचांकडे येत. जाडजूड पुस्तकांना गिऱ्हाईक असायचं. नवीन व्हिलावाले ती दिवाणखान्यात मांडायला नेतात, रंग बघून. नाटकं मात्र कोपऱ्यात पडून राहत. चाचा म्हणायचे, “ताई, ही घेऊन जा. वजनात भरत न्हाईत आन् शोकेसला शोभत न्हाईत.” मराठी रंगभूमीची एवढी नेमकी समीक्षा मी पुढे कुठल्याही प्रस्तावनेत वाचली नाही.

जुन्या नाटकांत माणसं फार बोलतात आणि मला ते फार आवडतं. मरायला टेकलेला माणूससुद्धा दीड पान बोलून मग मरतो, आणि वैद्य तोवर हात बांधून उभा राहतो. ‘स्वगत’ तर मला पहिल्या दिवसापासून पटलं. माणूस मनातलं मोठ्यानं बोलतो आणि शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही. लोक याला जुनाट म्हणतात. मी लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरात तसंच बोलते आहे.

पात्रं मी गावातूनच घेते. राजा कोण, दिवाण कोण, कपटी मामा कोण, हे ठरवल्याशिवाय माझं वाचन पुढे सरकत नाही. आमच्या डेअरीवर दुधाची फॅट लावणारा माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या पुस्तकांत तिसऱ्या अंकात मार खातो आहे. समोर भेटला की मी पदर सारखा करून खाली बघते. त्याला वाटतं, किती मर्यादशील बाई.

मग आली रूपांतरं. जुनं नाटक घ्यायचं आणि आजच्या काळात आणून बसवायचं. एकाच लुगड्याची कुणी गोधडी करतं, कुणी खिडकीचा पडदा; तशातलाच प्रकार. मला दोन्ही शेजारी ठेवून वाचायला मजा येते. वाड्याचा फ्लॅट होतो, दिवाणजींचा सीए होतो. अडचण होते ती निरोपाची. जुन्या नाटकात निरोप घेऊन माणूस निघाला की त्याला पोचायला अख्खा अंक लागे, आणि तेवढ्यात सगळे गैरसमज होऊन जात. आता मोबाइल आला. मग लेखक काय करणार? दुसऱ्या अंकात नायिकेची बॅटरी संपते. संपलीच पाहिजे, नाहीतर नाटक संपतं.

हे सगळं मी स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसून, ओठातल्या ओठात वाचायची. माझे सासरे आबा बाहेर ओटीवर खाटेवर असत. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड-अंधार कळे, माणूस कळत नसे. एकदा मी एका दुष्ट सावकाराचं काम जरा रंगात येऊन, घोगऱ्या आवाजात वाचत होते. ओटीवरून काठी आपटल्याचा आवाज आला.

“कोन हाय रं आत? सूनबाई, चुलीपाशी कोन बाप्या आलाय?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी आबांपुढे कधी दोन शब्दांवर तिसरा बोलले नव्हते. दाराआडून म्हणाले, “कुणी नाही. मीच आहे.”

“तू? एवढी जाड?”

“नाटक वाचत होते.”

आबांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, “हितं यिऊन वाच. दाराआडनं निम्मंच ऐकू येतं.”

तिथून दुपारचं वाचन सुरू झालं. मी उंबऱ्याच्या आत बसायची, डोक्यावर पदर, मान खाली, आणि तशा मर्यादेनं सासऱ्यांना ‘नीच माणसा, तुझ्या सावलीलाही मी उभी राहणार नाही’ असं सुनवायची. आबा खूश होऊन म्हणायचे, “आजून जोरात!” घरात सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडू नये असा रिवाज. पण पुस्तकात छापलेलं असेल तर चालतं, असा त्याला जोड-रिवाज आम्ही दोघांनी न ठरवता काढला. वाचून झालं की मी पुन्हा मुकी. “चहा?” “आन.” एवढंच.

आबांना नाटकाचं वेड जुनं होतं. तरुणपणी गावच्या यात्रेत जे नाटक व्हायचं, त्यात नायिका आबाच असायचे. तेव्हा बायका नाटकात येत नसत आणि आबांचा आवाज बारीक होता. एकाच नाटकात त्यांनी कितीतरी यात्रा केल्या. नाटकाचं नाव लिहीत नाही. त्या काळी मावळात दर दोन गावांआड एक गाव तेच नाटक करत होतं, उगाच कुणाला राग यायचा. बहीण-भावाची गोष्ट. शेवटी बहीण गाणं म्हणत बैलगाडीत बसते आणि पडदा पडतो. आबांचं ते गाणं सुरू झालं की, त्यांच्याच शब्दांत, “पार शेवटल्या रांगंतली म्हातारी बी डोळ्याला पदर लावायची.” हे वाक्य आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं चहाबरोबर प्यायलेलं आहे. आबांच्या गळ्यानं आख्खं गाव रडवलं होतं.

गेल्या वर्षी आमची मुलगी, जी लोणावळ्याच्या कॉलेजात शिकते, घरी नाचतच आली. कॉलेजच्या एकांकिकेत तिला काम मिळालं होतं. आणि कुठलं नाटक? आबांचंच. पुण्याहून एक तरुण सर येत होते, त्यांनी त्या जुन्या नाटकाचं रूपांतर केलं होतं. पाच अंकांचा एक केला होता आणि मध्यंतर काढून टाकलं होतं, म्हणजे चहाची भानगड नाही. तिनं माझ्यासाठी दोन गोष्टी आणल्या: कॉलेजच्या ग्रंथालयातलं मूळ पुस्तक आणि रूपांतराच्या छापील कागदांची प्रत. मला इतका मोठा आहेर माझ्या लग्नातही कुणी केला नव्हता.

“माझं नाटक?” आबा उठून बसले. “बहिणीचं काम तुला?”

“नाही आबा, भावाचं. मी भाऊ आहे.”

“मिशी लावणार?”

“मिशीबिशी काही नाही. आमच्यात सगळे काळे टी-शर्ट घालतात.”

आबांना हे पचायला वेळ लागला. मग त्यांनी मला म्हटलं, “वाच बरं नवीन.” मी वाचायला घेतलं.

“रंगमंचावर एक शिडी आहे. निळा प्रकाश. शिडीपाशी ‘ती’ उभी आहे. शांतता.”

“मग?”

“‘तो’ येतो. दीर्घ शांतता.”

“आन् बोलतं कवा?”

मी पान उलटलं. “ती शिडीकडे बघते. शांतता.”

“शिडीवर चढतं का कुनी?”

मी शेवटपर्यंत पानं चाळली. “नाही.”

“मग ठिवलीया कशाला?”

मुलगी म्हणाली, “आबा, ते प्रतीक आहे.” आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वाचन तिथंच थांबलं. पण आबांचा राग शिडीवर नव्हता. मुलगी म्हशींना वैरण टाकायला गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “बाईच्या जातीनं नाटकात उभं ऱ्हायचं न्हाई.” ज्यांनी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून उमेदीची सगळी वर्षं काढली, त्यांच्या तोंडून हे ऐकून माझा हात पुस्तकावरच राहिला. बहुतेक माझा श्वासच त्यांना ऐकू गेला असावा, कारण ते लगेच म्हणाले, “मी काय बाई व्हतो का?” 

संध्याकाळी मुलीचे वडील उर्से टोलनाक्यावरून ड्यूटी करून आले आणि ओटीवर आबांपाशी बसले. दिवसभर गाड्या अडवायच्या म्हटल्यावर घरी आल्यावरही हात शिवशिवत असणार. मुलगी तेव्हा शेजारी पाठांतर करायला गेली होती. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि बाहेर जावं का नाही असं वाटून तिथंच थांबले.

“न्हाई म्हटलं तर ती वाद घालंल,” हे म्हणत होते. “कॉलेजात जाऊन तोंड लय चालतंय. त्यापरीस व्हय म्हणायचं. खुशाल तालमी कर म्हणायचं. आन् नाटकाच्या दिवशी सकाळीच सांगायचं, टाकव्याची मावशी पडली. चल लवकर. एकदा टाकव्याला नेऊन बसवली की संध्याकाळपत्तर कुटं जातीय.”

“मावशीचं काय मोडलं म्हनायचं?” आबांनी विचारलं.

“पाय.”

“कुठला?”

ह्यांनी विचार केला. “डावा.”

“हां. डावा बरा.”

मग मला बाहेर बोलावलं गेलं आणि बहिणीला फोन करून ठेवायला सांगितलं, म्हणजे आयत्या वेळी तिनं उजवा म्हणू नये. मी फोन केला. माझी बहीण बारावी शिकलेली, पण तिनंही कारण न विचारता डावा पाय कबूल केला. आमच्या घराण्यात बायका पाय मोडायला हयगय करत नाहीत.

त्यानंतर घरात जे प्रेम उतू गेलं ते काही विचारू नका. रोज संध्याकाळी वडील मुलीला विचारत, “काय बाळ, तालीम कशी झाली?” आबा म्हणत, “आवाज फेकायचा, बरं का!” एरवी तिनं एक सिनेमा बघायचा म्हटला तर चार दिवस घरात सन्नाटा. मुलगी बिचारी भारावून गेली. मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “आई, बाबा किती बदललेत ना? मला वाटलं होतं भांडावं लागेल.” मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “सरांनी सांगितलंय, भावाच्या कामाला दुसरं कुणी तयार नाही. माझी दांडी झाली तर प्रयोगच नाही. आणि पुन्हा मला कुणी स्टेजवर उभं करणार नाही.”

मी तिला म्हणाले, “भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे.” एवढं मोठं सत्य मी त्या दिवशी बोलले.

प्रयोगाला थोडे दिवस उरले होते. दुपारी आबा म्हणाले, “आज माझं नाटक वाच. जुनं. मूळ.”

मी पुस्तक काढलं. आबांची सवय अशी की त्यांना फक्त ‘आपले’ प्रवेश हवे असत. मी भावाचं बोलायची, ते बहिणीचं पाठ म्हणायचे. अजून एक शब्द चुकत नव्हता. गावातल्या नाटकात तेव्हा प्रत्येकाला पुस्तक मिळत नसे. मास्तर पुस्तकातून प्रत्येक नटाची नक्कल काढून देत: त्याची स्वतःची वाक्यं, आणि दुसऱ्याच्या वाक्यातले फक्त शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपली पाळी कधी आली ते कळावं. आबांनी इतक्या यात्रा त्या नकलेवर काढल्या होत्या. छापील पुस्तक त्यांच्या हातात कधी आलंच नव्हतं, आणि आता आलं तर डोळे नव्हते.

पहिल्या अंकातला बहीण-भावाचा प्रवेश झाला. भाऊ म्हणतो, ‘ताई, या घरात तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.’ आबा लाजल्यासारखं हसून बहिणीचं म्हणाले. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, “आता म्होरं माझा तुळशीपाशी प्रवेश. पानं उलट.”

मी उलटली नाहीत. मला काही बोलण्याचं धाडस नव्हतं, पण वाचण्याचं होतं. मी पुढचंच पान वाचायला घेतलं.

“प्रवेश दुसरा. बैठकीची खोली. भाऊ आणि शेजारी.”

“ह्यो आपल्या नाटकात न्हवता.”

“छापलेला आहे.”

“तवा मी कुटं व्हतो?”

“तुम्ही आत. लुगडं बदलायला गेला असाल.”

“वाच.”

मी भावाच्या त्याच गोड आवाजात वाचलं. “ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. तिला सांगायचं, देवदर्शनाला निघालो आहोत. गाडी एकदा घाटाखाली उतरली की परत फिरण्याची तिची प्राज्ञा नाही. मग हे घर, हे शेत, सारं माझंच.”

 मी शेजाऱ्याचं वाचलं. शेजारी विचारतो, ‘आणि ताई रडल्या तर?’ भाऊ म्हणतो, ‘रडेल कशाला? ती गाणं म्हणत जाईल.’

खाट करकरली. आबा काठी शोधत होते; उगाचच, कारण जायचं कुठंच नव्हतं.

“असं हाय व्हय ह्यात?”

“हो.”

“तो भाऊ लबाड हाय?”

“पहिल्यापासून.”

“मला वाटायचं, लय जीव लावणारा हाय. माझ्यासंगं बोलताना त्यो सारखा ताई ताई करायचा.” ते थांबले. “मास्तर मला म्हनायचे, तू फकस्त तुझी नक्कल पाठ कर, बाकी हिकडं तिकडं बगू नगंस. तुझं काम ब्येस होतंय. माझं झालं की मी मागं. तितं पेट्रोमॅक्स, लुगडी, पावडर. म्होरं काय चाललंय, कुनाला ऐकू येतंय.”

सगळ्या गावाला गोष्ट माहीत होती. एकट्या नायिकेला नव्हती. आणि नायिकेला तिच्याच नाटकाची गोष्ट सांगायचं कुणाला सुचणार? ज्याला-त्याला वाटलं असणार, हिला ठाऊकच असेल.

आबांचा पुढचा प्रश्न मला दिसत होता आणि तो येऊ नये असं वाटत होतं. आला.

“म्हंजी शेवटल्या रांगंतली म्हातारी रडायची, ती... माझ्या गान्यानं न्हवं?”

मी पुस्तक मिटलं. पुस्तकाशिवाय आबांशी बोललेलं माझं पहिलं सबंध वाक्य ते असावं. “गाणंही चांगलंच असेल, आबा.”

“हूं,” आबा म्हणाले. मग, “तिला कळतं का शेवटाला?”

“नाही. ती गाणं म्हणत गाडीत बसते. पडदा.”

“मला बी न्हाई कळलं.”

बाहेर कुणाच्या तरी व्हिलावर दुपारीच स्पीकर लागला होता, त्याची धडधड येत होती. आबा म्हणाले, “पोरीच्या नाटकात कळतं का गं तिला?”

मी कागद बघितले होते. “त्यात तिला पहिल्यापासून माहीत असतं. पण ती बोलत नाही. शांतता असते.”

“म्हाईत असून बोलत न्हाई?”

“नाही.”

“मग काय उपेग तिच्या म्हाईत असण्याचा?”

मी चहा टाकायला उठले. अवघड प्रश्नाला चहा टाकायला जाण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले. मी वाढत होते. ह्यांचं प्रेम नेहमीप्रमाणे चालू होतं. “मग, रविवारची तयारी झाली का? आमी सगळे टाळ्या वाजवायला येनार.”

मुलगी म्हणाली, “खरंच बाबा?”

“म्हंजी काय!”

आबांनी ताटातला हात काढून घेतला. “पोरी, तुझ्या मावशीला बरं न्हाई.”

ह्यांनी चमकून वर बघितलं. “आबा, आज न्हाई. आज नव्हतं सांगायचं.”

“काय झालं मावशीला?” मुलगी घाबरली.

“अजून काय बी न्हाई. आज ठणठणीत हाय. येत्या रविवारी तिचा पाय मोडनार हाय. सकाळच्या पारी.”

 ह्यांनी भाताचा घास केला आणि तो हातातच राहिला. मुलगी वडिलांकडे बघत होती. त्यांच्याकडे बघतच तिनं विचारलं, “कुठला पाय?”

“डावा,” मी म्हणाले.

खरं तर मला कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

मुलगी रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, “बाबा, तोंडावर नाही म्हणायचं होतं.”

“तोंडावर म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नाही.”

“मग?”

“मग भांडलो असतो. रोज ‘बाळ, तालीम कशी झाली’ कशाला विचारायचं?” आता मात्र तिचा आवाज फाटला. “मी सगळ्या मैत्रिणींना सांगत होते, माझे बाबा असे, माझे बाबा तसे.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी पुढचं वाक्य सुचवणार होते. मी वरणाच्या पातेल्यात बघितलं. शेवटी हे वडिलांवर घसरले. “आबा, तुमच्या म्होरंच ठरलं होतं ना? पाय बी तुमीच विचारला, कुठला म्हणून!”

“व्हय, माझ्या म्होरं ठरलं,” आबा म्हणाले. “हिच्या माघारी ठरलं. मला आज कळलं, माघारी ठरल्यालं काय असतंय त्ये. ती जानार नाटकाला. आन् मी बी येनार बगायला.”

“तुमाला दिसत न्हाई, आबा.”

“मग ऐकाया येनार. तुजं काय जातंय?”

मी बहिणीला फोन करून पाय परत जोडला. तिला जरा वाईट वाटलं. तिनं म्हणे लंगडून बघितलंही होतं.

रविवारी आम्ही लोणावळ्याच्या सभागृहात गेलो. नाटक बघण्याची माझी ही पहिली वेळ. वाचकानं करू नये ती चूक मी केली, सगळं पाठ करून गेले. त्यामुळे प्रत्येक पात्र चुकीच्या आवाजात बोलत होतं. माझ्या वाचनातला भाऊ सावकाश, तूप लावून बोलायचा. माझ्या मुलीचा भाऊ भराभरा बोलत होता. शिडी मात्र अगदी बरोबर होती, जशी वाचली तशी. निळा प्रकाशही छापल्याप्रमाणे पडला.

आबा माझ्या शेजारी. “आता काय चाललंय?” ते विचारत. मी त्यांच्या कानाशी लागून सांगत होते, “ती शिडीपाशी आहे. भाऊ आला. आपली पोरगी.” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी तिथंच खुर्चीखाली गेले असते. पण आबांना ‘दिसायचं’ तर माझंच तोंड होतं. मी पदर तोंडाशी धरून बोलत राहिले.

मग तो प्रवेश आला. भाऊ बहिणीला सांगतो, देवदर्शनाला जाऊ. मुलीनं ते वाक्य या वेळी सावकाश, गोड, अगदी जेवताना तिचे वडील बोलायचे तसं म्हटलं. ह्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या कूस बदलली. बहीण गप्प उभी. तिला सगळं ठाऊक. दीर्घ शांतता.

“आता काय?”

“शांतता आहे.”

“त्ये कळतंय. ती काय म्हनतीया?”

“काही नाही. गप्प आहे.”

आबांनी काठी टेकली आणि उभे राहिले. बारीक, खणखणीत आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

“अगं ए बाई! म्हाईत हाय न्हवं तुला? मग बोल की!”

मी त्यांचा सदरा ओढत होते. स्टेजवरची बहीण शिडीला धरून उभी राहिली, खरोखरची दचकून. आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. नवीन पद्धत. प्रेक्षकांत माणूस बसवलेला. पुढच्या रांगेतल्या त्याच बाई मागे वळून आबांना म्हणाल्या, “फारच प्रभावी!”

नाटक संपल्यावर ते पुण्याचे सर धावत आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. सरांनी आबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “आजोबा, ही जी तुम्ही आमच्या आणि प्रेक्षकांमधली चौथी भिंत तोडलीत ना...” आबा घाबरून म्हणाले, “न्हाई हो, मी कुटं हात लावला न्हाई.” 

घरी येताना रिक्षा केली. हे पुढे रिक्षावाल्याशेजारी, आम्ही तिघं मागे. मुलगी तोंड फुगवून बसली होती. औंढ्याच्या फाट्याला आबांनी विचारलं, “लय वाईट झालं का काम?”

“तुम्ही माझं वाक्य खाल्लंत. त्या शांततेनंतर माझंच वाक्य होतं. टाळ्यांत कुणाला ऐकू पण नाही आलं.”

“एवढा येळ गप ऱ्हायचं कशाला? म्होरल्या खेळाला जरा बिगीबिगी बोल.”

हे पुढून वळले. “म्होरला खेळ? अजून हाय?”

“तळेगावला आहे,” मुलगी म्हणाली. “पुढच्या महिन्यात. तोंडावर सांगतेय, बाबा.”